मुलगी समुद्रावर गेली, मग काय झालं?



आज पाककृती नाही, पर्युषणाची तयारीही नाही. आज भांडायचं आहे आणि तेही आपल्याच माणसांशी.

विषय दिसायला छोटासा आहे. आपल्या ओळखीतल्या घरची एक मुलगी लंडनला एम.एस्सी. करते. परीक्षा संपल्या, उन्हाळ्यातला एक शनिवार मोकळा मिळाला, म्हणून पाच जणं मिळून सकाळच्या गाडीने ब्रायटनला गेली आणि रात्री परत आली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटन साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन यावं तसंच हे. तिथून तिने घरी एक फोटो पाठवला. गोट्यांच्या किनाऱ्यावर तीन मुली आणि दोन मुलगे बसलेत, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, केस वाऱ्याने विस्कटलेले, एकाच्या हातात कागदाचा पुडा.

तो फोटो घरातून मामीकडे गेला, मामीकडून महिला मंडळात गेला आणि दोन दिवसांत स्थानकाच्या पायऱ्यांवर त्याची चर्चा सुरू झाली. "शेजारी बसलाय तो कोण?" "पुड्यात काय आहे?" "शिकायला पाठवलंय की फिरायला?" आणि शेवटी तो ठरलेला उसासा, "स्थळं बघताना जड जाईल हो."

हे सगळं त्या आईच्या कानावर गेलं. तिने मुलीला फोन करून काय सांगितलं माहीत आहे? "यापुढे असले फोटो पाठवू नकोस."

मला टोचलं ते हे वाक्य. "जाऊ नकोस" असं ती म्हणाली नाही, "पाठवू नकोस" म्हणाली. म्हणजे गेलीस तर जा, फक्त आम्हाला कळू देऊ नकोस. आपल्या चौकशीतून हे निष्पन्न झालं. त्या मुलीने एकही व्रत मोडलं नव्हतं. आपण मात्र तिला लपवायला शिकवलं. माझं म्हणणं एवढंच आहे की या असल्या पहाऱ्याने धर्म राखला जात नाही. उलट मुलीचं सत्य जातं आणि तिची सुरक्षितताही जाते. आता हे एकेक करून सांगते.

परदेशात शिकणारा विद्यार्थी ब्रायटनला जातो ही काही आजची गोष्ट नाही. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला. आई पुतळीबाई घाबरलेली. विलायतेत मुलं बिघडतात, मांस खातात, दारू पितात, असं तिला लोकांनी सांगितलेलं. ही भीती घेऊन ती कोणाकडे गेली? बेचरजी स्वामींकडे. ते मूळचे मोढ वाणी, पण जैन साधू झालेले. गांधींचं कुटुंब वैष्णव, तरी घरच्या अडीअडचणीला सल्ला त्यांचा घेतला जायचा. आता विचार करा, त्या काळातला एक जैन साधू. साधूला स्वतःला समुद्र ओलांडणं नाही, वाहनात बसणंही नाही. "पाठवू नका" म्हणाले असते तर कोणी एक शब्द बोललं नसतं. पण त्यांनी मुलाला मद्य, मांस आणि परस्त्री या तिन्हींपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि आईला सांगितलं की आता जाऊ दे.

मैत्रिणींनो, यात एक शहाणपण आहे. बेचरजी स्वामींनी मुलावर कोणी नजर ठेवायला नेमलं नाही. व्रत त्याच्या स्वाधीन केलं. ते पाळायचं त्याने, मोडलं तर उत्तरही त्याच्याच आत्म्याला द्यायचं.

त्याच वेळी मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीची पंचायत बसली. समुद्र ओलांडून धर्म टिकत नाही असा शेठजींचा निवाडा झाला आणि मुलाला जातीबाहेर टाकलं. वर हुकूम असा की जो कोणी त्याला मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड. एका बाजूला साधूने व्रत देऊन आशीर्वाद दिला, दुसऱ्या बाजूला समाजाच्या शेठने दंड ठोकला. आज त्या मुलीचा फोटो फिरवताना आपण कोणाच्या बाजूला उभ्या आहोत, ते प्रत्येकीने स्वतःला विचारावं.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्लंडमधल्या पहिल्याच वर्षी मोहनदास ब्रायटनला गेले. आज तिथे समुद्रात जळका लोखंडी सांगाडा उभा दिसतो ना, तो १८६६ सालचा वेस्ट पिअर. मोहनदास गेले तेव्हा तो धडधाकट होता. हॉटेलात जेवायला बसले, तर जेवणाची यादी फ्रेंचमध्ये. काय मांसाचं, काय भाजीचं, काहीच उमगेना. एका वृद्ध विधवा बाईंनी त्यांची पंचाईत ओळखली, यादी समजावून दिली आणि त्यांना चालेल ते दाखवलं. पुढे लंडनला त्या दर रविवारी त्यांना जेवायला बोलवू लागल्या. तिथे तरुण मुलींशी ओळखी होऊ लागल्या. मोहनदासांचं तेव्हा लग्न झालेलं, एक मुलगाही झालेला. पण तिथले आपले विद्यार्थी लग्न झाल्याचं लाजेने लपवत, तसं त्यांनीही लपवलं. शेवटी मनाला खाऊ लागलं तेव्हा बाईंना पत्र लिहून सगळं खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, हसल्या आणि रविवारचं बोलावणं चालूच ठेवलं.

हे त्यांनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये स्वतः लिहिलंय. त्या प्रकरणात त्यांनी विष म्हटलंय ते असत्याला. समुद्राला नाही, ब्रायटनला नाही, त्या मुलींनाही नाही. पुढे पोर्ट्समथला, तेही समुद्रकाठचंच गाव, शाकाहारी परिषदेला गेले असताना रात्री पत्ते खेळताना मन घसरायला लागलं. बरोबरच्या मित्राने हटकलं, आईसमोर घेतलेली प्रतिज्ञा आठवली आणि ते उठून खोलीत निघून गेले. त्या खोलीत पोरबंदरहून कोणी काका, मामा डोकावत नव्हता. उपयोगी पडलं ते स्वतः घेतलेलं व्रत आणि सावध करणारा एक मित्र. आपण मित्रांनाच संशयाने बघतो, पण परक्या गावात वेळेला हात धरणारे तेच असतात.

आता कोणी म्हणेल की गांधी जैन नव्हते, त्यांचं काय सांगता? बरं, आपलंच सांगते. १८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना होतं. साधुधर्मामुळे त्यांना जाता येईना, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या तिशीच्याही आतल्या श्रावकाला तयार करून पाठवलं. अमेरिकेला जैन धर्माची पहिली नीट ओळख करून दिली ती या माणसाने. परत आल्यावर मुंबईत काय झालं? समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच लोकांतला एक गट त्यांच्यावर उलटला, प्रायश्चित्त घ्या म्हणाला. आत्मारामजी महाराज मात्र त्यांच्या पाठीशी राहिले. आज आपण वीरचंदभाईंचं नाव अभिमानाने घेतो. विरोध करणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुमच्या लक्षात आहे का?

आणि आणखी मागे जायचं तर श्रीपाळ-मैनासुंदरी आहेतच. आयंबिलच्या ओळीत दरवर्षी आपण ती कथा ऐकतो. श्रीपाळ राजा जहाजांतून देशोदेशी फिरला. त्याला समुद्रात ढकललं ते बरोबरच्या धवल शेठने आणि तो तरला तो श्रद्धेच्या बळावर. त्या कथेत समुद्र पापी नाही. मत्सराने जळणारा धवल शेठ पापी आहे. कथा ऐकताना डोळे पुसायचे आणि बाहेर आल्यावर धवल शेठचंच काम करायचं, हे कसं चालेल?

श्रावकाच्या बारा व्रतांत सहावं दिशापरिमाणाचं. कुठल्या दिशेला किती लांब जायचं याची मर्यादा आपण आपल्यासाठी घालून घ्यायची. ती शेजारणीने घालायची नसते. त्या व्रताच्या अतिचारांत ठरवलेली हद्द ओलांडणं येतं, ती वाढवून घेणं येतं, विसरणंही येतं. म्हणजे प्रश्न आपण काय ठरवलं होतं आणि ते लक्षात ठेवलं का, एवढाच आहे. ज्या मुलीने ब्रायटन सोडलं असं पच्चक्खाणच घेतलेलं नाही, तिचं तिथे जाऊन काय मोडलं?

आता तुमच्या आक्षेपांकडे येते. सगळेच आक्षेप पोकळ आहेत असं मी म्हणत नाही. खाण्याचा आक्षेप खरा आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. इंग्लंडच्या समुद्रकाठी माणसं मासे आणि बटाट्याचे जाड तळलेले काप खातात. बटाटा कंदमूळ, तेव्हा ज्या घरी कडक पाळतात त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. पण आपल्यातल्या कित्येक घरी चातुर्मास सोडून बटाटा चालतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या घरातल्या मुलीला वाटतं की बटाटाच तर आहे. पण पुष्कळ दुकानांत ते काप मासे तळलेल्याच तेलात तळतात आणि काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, गाईच्या चरबीत तळतात. रंगीत जेलीच्या गोळ्या आणि मऊ पांढऱ्या मार्शमॅलोमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. डोनटमध्ये अंडं असू शकतं. हे मुलीला घरून निघायच्या आधी सांगणारी आई हवी. तिथे पाकिटबंद पदार्थावर अंडं, दूध, मासे असे घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात. ते वाचायची सवय लावा. दुकानदाराला "हे कोणत्या तेलात तळलंय?" असं विचारायला लाजू नकोस, हे शिकवा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी दशम्या, खाकरे, कोरडी चटणी डब्यात भरून न्यायची. पण "पुड्यात काय आहे?" हा प्रश्न स्थानकाच्या पायऱ्यांवर विचारून तिला यातलं काय कळणार होतं?

चौविहाराचंही तसंच. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. आठच्या गाडीने परत निघालेली मुलगी गाडीत डबा खाऊन आरामात चौविहार पाळते. खरी कसोटी डिसेंबरात आहे, कारण तेव्हा चारच्या आसपासच अंधार पडतो, लेक्चर संपायच्या आत. म्हणजे ज्या दिवशी पाळणं सोपं असतं त्या दिवसाची आपल्याला काळजी आणि अवघड असतं त्या महिन्यांत "बाळा, कसं जमवतेस?" असं विचारायला कोणी नाही.

पाण्यात अपकायाचे जीव आहेत, समुद्रात खेळणं म्हणजे हिंसा, असंही एकीने सुनावलं. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. जिने पाण्याची मर्यादा घेतली आहे तिने पाण्यात उतरू नये, काठावर बसावं. पण हे सुनावणाऱ्या घरच्याच नातवंडांचा वॉटर पार्कमधला व्हिडिओ आपण सगळ्यांनी मे महिन्यात पाहिलाय. तिथे अपकाय नव्हते का? तत्त्व सगळ्यांना सारखं लावा, नाहीतर ते दुसऱ्याच्या मुलीला मारायची काठी होतं. समुद्रकाठची अहिंसा शिकवायचीच असेल तर नीट शिकवा. इंग्लंडच्या कितीतरी बंदरांवर पोरंसोरं दोरीला आमिष बांधून गंमत म्हणून खेकडे ओढतात आणि बादलीत ठेवतात. त्यात भाग घेऊ नकोस, हे सांगा. शिंपला उचललास तर आत जीव नाही ना बघ, असेल तर जिथला तिथे ठेव, हे सांगा. आपला कचरा पिशवीत परत आण, हे सांगा. ही जयणा त्या मुलीला जन्मभर पुरेल.

राहिला मुलग्यांचा प्रश्न. तो खाण्याच्या आणि पाण्याच्या आक्षेपांमागे लपलेला असतो, पण खरा आक्षेप तोच. माझा सरळ प्रश्न आहे. त्याच महिन्यात आपल्याच मंडळातल्या एकीचा मुलगा परदेशात मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर गेला होता. त्या फोटोखाली आपण सगळ्यांनी "मस्त!", "हिरो!" लिहिलं. पुड्यात काय आहे, हे कोणी विचारलं नाही. शेजारची मुलगी कोण, हेही नाही. ब्रह्मचर्याची मर्यादा श्रावकालाही आहे आणि श्राविकेलाही. पाचही अणुव्रतं दोघांना सारखीच. मी बी.कॉम. झालेली बाई आहे. एकाच व्यवहाराची मुलाच्या खात्यावर जमा आणि मुलीच्या खात्यावर नावे अशी नोंद केली, तर तिला घोटाळा म्हणतात, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

आता सुरक्षिततेबद्दल सांगते. माझ्या दृष्टीने हाच भाग सगळ्यात गंभीर आहे.

समुद्राकाठी मुलांच्या जिवाला धोका असतो, पण तो धोका फोटोत शेजारी बसलेल्या मुलाकडून नव्हता, समोरच्या पाण्याकडून होता. २४ ऑगस्ट २०१६ ला लंडनची पाच तरुण मुलं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅम्बर सँड्स इथे एक दिवसाच्या सहलीला गेली होती. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांतली मुलं, त्यांत दोन सख्खे भाऊ. कडक उन्हाचा दिवस, सुंदर वाळू, लांबवर उथळ दिसणारं पाणी. पाचही जणं बुडाली. तेव्हा त्या किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हते, नंतर नेमले गेले. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? त्याच वर्षी १ फेब्रुवारीला आपल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली चौदा मुलं गेली. ती बातमी ऐकून त्या रात्री पुण्यात किती घरी चूल पेटली नसेल.

आपली मुलं समुद्राला ओळखत नाहीत. आपण मुलीला कुकर दिला, मसाल्याचा डबा दिला, लोकरीचे मोजे दिले, नवकाराची माळ दिली. समुद्राबद्दल काय सांगून पाठवलं? ब्रिटनभोवतालचं पाणी उन्हाळ्यातही थंड असतं. एकदम आत शिरलं की थंडीने श्वास अडकतो, माणूस धापा टाकू लागतो आणि चांगलं पोहता येणाराही गडबडतो. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह असतो. भरतीचं पाणी मागून येऊन कधी वाट बंद करतं ते कळत नाही. ब्रायटनच्या पूर्वेला सेव्हन सिस्टर्स नावाचे पांढऱ्या खडूचे उंच कडे आहेत. मुलं तिथे फोटो काढायला जातात. तो खडू भुसभुशीत असतो, कडा सूचना न देता ढासळते. कडेवर उभं राहायचं नाही आणि कड्याखाली बसायचंही नाही.

म्हणून मुलीला आणि मुलालाही हे पाठ करून घ्या. जिथे जीवरक्षक असतील तोच किनारा निवडायचा. पाण्यात जायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच जायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पायसुद्धा घालायचा नाही. निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या. प्रवाहाने ओढलं तर त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, त्यात शक्ती संपते. डोकं मागे टाकून, कान पाण्यात जाऊ देऊन, हातपाय पसरून पाठीवर तरंगत राहायचं आणि श्वास ताळ्यावर आला की हात वर करून हाका मारायच्या. प्रवाहातून बाहेर पडायचं तर किनाऱ्याला समांतर जायचं. दुसरं कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही. ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचं आणि बुडणाऱ्याकडे तरंगेल असं काहीतरी फेकायचं. तिथली आर.एन.एल.आय. ही जीवरक्षक संस्था १८२४ पासून देणग्यांवर चालते आणि तिच्या नावांवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. परक्यांचे जीव वाचवायला वादळात नाव लोटणारी ही माणसं. त्याला अभयदान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आता त्या आईचं वाक्य पुन्हा आठवा. "असले फोटो पाठवू नकोस." पुढच्या वेळी ती मुलगी जाईल, पण घरी सांगणार नाही. कोणत्या किनाऱ्यावर आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता परत येणार, घरात कोणालाच ठाऊक नसेल. रात्री फोन लागला नाही तर आई-वडिलांना विचारायला एका मैत्रिणीचा नंबरही नसेल, कारण मैत्रिणींची नावंही तिने भीतीने सांगितलेली नसतील. शेजारी कोण बसलाय हे आज तिने आपणहून दाखवलं होतं. तिच्याबरोबर कोण आहे हे कळायची आपली एकुलती एक वाट होती ती. आपण ती आपल्या हातांनी बंद केली आणि वर म्हणतो की आम्हाला तुझी काळजी आहे.

आपण रोज प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणतो. तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणं. चौदावं पैशुन्य, म्हणजे चहाडी. सोळावं परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा. रात्रिभोजन या अठरांत वेगळं मोजलेलं नाही, बटाटाही नाही, पण चहाडी आणि निंदा स्वतंत्र आकडे देऊन मोजल्या आहेत. संध्याकाळी कटासण्यावर बसून त्यांची क्षमा मागायची आणि कटासणं गुंडाळताच फोन उचलून तोच फोटो पुढे पाठवायचा! त्या मुलीच्या एका दिवसाच्या सहलीचा हिशेब मांडायला बसलो आहोत तर आपल्या त्या दोन दिवसांचाही मांडू या. तिच्या बाजूला एक शनिवार, थोडं हसणं, ओले पाय. आपल्या बाजूला तीन पापस्थानकं. कोणाचा ताळेबंद बुडीत निघाला?

काही जणी म्हणतील, "बाई, तुमचं बोलणं सोपं आहे, स्थळं तर आम्हाला बघायची आहेत." मान्य. पण स्थळं येतात कुठून? आपल्याच घरांतून ना? मुलाची आई कोण असते? आपणच. तीन मुली आणि दोन मुलगे भर उन्हात किनाऱ्यावर बसलेत, एवढ्या फोटोवरून जे घर नकार देतं, त्या घराने नकार दिला हे त्या मुलीचं नशीब समजावं. आणि आपल्या मुलासाठी मुलगी बघताना हा फोटो आडवा येऊ द्यायचा नाही, एवढं मंडळातल्या वीस बायकांनी ठरवलं तरी भीतीचं हे दुकान बंद पडतं. समाज, समाज म्हणून जो बागुलबुवा आपण मुलींना दाखवतो, तो पायऱ्यांवर बसलेल्या आपणच आहोत.

तेव्हा माझी मागणी सांगते. पहिली, दुसऱ्याच्या मुलीचा फोटो तिच्या परवानगीशिवाय पुढे पाठवणं आजपासून बंद. दुसरी, मुलगी किंवा मुलगा परदेशी निघाला की बेचरजी स्वामींसारखं करा. महाराज साहेबांसमोर किंवा घरीच बसून त्याला झेपतील ती व्रतं त्याच्या मर्जीने घेऊ द्या, थोडी असली तरी चालतील, आणि मग विश्वासाने सोडा. तिसरी, पोहणं शिकवा. आपल्या मुलींना सोळा वर्षं पाठशाळेला पाठवतो, चार महिने तरणतलावावर पाठवत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. चौथी, सहलीचा फोटो आला की आधी "छान दिसतेस" म्हणा. मग विचारा, "काय खाल्लंस? पाणी थंड होतं का? झेंडे होते का किनाऱ्यावर? कितीच्या गाडीने परत येणार?" या प्रश्नांची खरी उत्तरं मिळतात, कारण त्यांत आरोप नसतो.

आणि त्या मुलीच्या आईला, जी हा ब्लॉग वाचते, एवढंच सांगायचं आहे. ताई, आज रात्री तिला फोन करा. तिला म्हणा, पुढच्या सहलीचेही फोटो पाठव, आणि मलाच पाठव आधी. मामीला कोणते दाखवायचे ते आपण दोघी मिळून ठरवू.

माझ्या शब्दांनी कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. मुद्दा मात्र मागे घेत नाही.